चार मिनिटांचा डबा

१

आधी ती सिगारेट विझव, पोरी. रागावू नकोस. या खुर्चीवर बसून मी कुणाला ओढू देत नाही. छत्तीस वर्षं झाली या नियमाला. एकदा मेयरचा मेव्हणा आला होता, त्यालाही विझवायला लावली. का, ते कळेल तुला. ठेव पाय इथं. बूट झकास आहेत गं, पण काय हाल केलेस त्यांचे! यांना वेळ लागणार. तोवर तुला एक गोष्ट सांगतो. चोरीची आहे. चोर सापडला का? सापडला. शिक्षा झाली का? झाली, पण चोराला नाही झाली. ऐक तर.

सिल्व्हरगेट स्टुडिओ. नाव ऐकलं नसशील, आता तिथं जुन्या मोटारी विकतात. अडतीस साली माझी हीच खुर्ची तिथं होती, फिल्म कापायच्या इमारतीच्या पायऱ्यांसमोर. मी बूट पुसायचो, आणि कधी गर्दीत उभं राहायला काळं माणूस हवं असलं तर ब्रश ठेवून पळायचो. आफ्रिकेतला राजा झालोय मी, खोटं नाही. नऊ सेकंद.

पण गोष्ट माझी नाही, होझिया लॅटिमोरची आहे. शिकागोत नाटकं केलेला माणूस. आवाज असा, की बोलला की शेजारच्या खोलीतली माणसं गप्प व्हायची. तो हॉलिवूडला आला मोठी कामं करायला. आणि काय केलं? अकरा वर्षांत एकोणचाळीस वेळा दार उघडलं. 'येस सर', कोट घेतला, दार लावलं. त्यातही गंमत बघ. होझिया रंगानं उजळ, मधासारखा. तर पडद्यावर तो गोऱ्यांत मिसळतो म्हणून रोज सकाळी त्याचं तोंड आणि मान गडद रंगवायचे. म्हंजे काळा म्हणून हलकं काम द्यायचं, आणि पुरता काळा नाही म्हणून रंगवायचं. सांगणार कुणाला?

त्या साली एक दिग्दर्शक आला, युरोपातून पळून आलेला, त्याला इथल्या रीती ठाऊक नव्हत्या. त्यानं होझियासाठी एक सीन लिहिला. कोर्टाचा. सगळ्या चित्रात त्या नोकराला नुसतं 'सॅम' म्हणतात. कोर्टात वकील त्याला म्हणतो, सांग, तुझे मालक त्या दिवशी घरी होते. आणि हा म्हणतो, पहिल्यांदा माझं नाव लिहून घ्या. सॅम नव्हे. सॅम्युएल एझरा होलोवे. आणि मालक घरी नव्हते.

चार मिनिटं. मी दाराच्या फटीतून बघत होतो. दिवे धरणारे गोरे गडी, जे आम्हाला 'ए पोरा' म्हणायचे, ते दिवे धरून तसेच उभे. 'कट' म्हटल्यावरही कुणी हललं नाही.

आता एक रीत सांगतो, ती कळली नाही तर गोष्ट कळायची नाही. आमच्या माणसाचा मोठा सीन असा घ्यायचे, की तो अख्खा उचलून फेकला तरी मागचं-पुढचं जुळावं. कारण दक्षिणेतले थिएटरवाले असं काही दिसलं की कात्री लावायचे. तर होझियाचा तो सीन मूळ पट्टी आणि तिची एकुलती एक प्रत, अशा दोन गुंडाळ्या करून एकाच पत्र्याच्या डब्यात, तिजोरीच्या खोलीत ठेवला होता. शुक्रवारी चार वाजता स्टुडिओचे मालक मिस्टर क्रेन तो बघणार, ठेवायचा की नाही ते ठरवणार, आणि ठेवला तर होझियाशी सात वर्षांचा करार. आमच्यातल्या कुणाशी असा करार कधी झालाच नव्हता तिथं.

शुक्रवारी एक वाजता तिजोरीवाला लुंड जेवून आला, दार उघडलं. डबा नाही. आणि पांढऱ्या दारावर, कुलपावर, बोटांचे काळेकुट्ट डाग.

पहारेकऱ्यांचा मुकादम मॅकगॅरी डाग बघून हसला. म्हणाला, "या आवारात काळा रंग लावून कोण हिंडतं, हे लहान मूलही सांगेल."

सव्वा वाजता होझियाला धरलं.

२

मिस झिपोरा मेझ कपडेपटात इस्त्री करायची. साठीची बाई, हाडं मोठी, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी. इस्त्रीवाल्या बाईला सगळं ठाऊक असतं बघ. कोण कुठं बसला, कोण कुणाच्या खांद्यावर रडला, कपडा सांगतो. ती तडक माझ्याकडं आली.

"ल्यूशस, ऊठ."

"मिस झिपोरा, गिऱ्हाईक–"

"गिऱ्हाईकाच्या पायांना मुळं फुटलेली नाहीत. ऊठ म्हणते ना."

मॅकगॅरीच्या खोलीबाहेर दोन गडी उभे. झिपोराच्या हातावर होझियाचा कोट होता. "दुपारी याचं काम आहे," ती म्हणाली, "बटण तुटलंय, अंगावरच शिवावं लागेल." सोडलं त्यांनी. सुई हातात असलेल्या बाईला कोण अडवणार?

होझिया खुर्चीत ताठ बसला होता. तोंडावर तो गडद रंग, हातात पांढरे हातमोजे.

"मी माझा स्वतःचा सीन कशाला चोरीन, मिस झिपोरा?" तो हळू म्हणाला. "ते म्हणतात, दुसऱ्या स्टुडिओला दाखवायला. चारपर्यंत डबा सापडला नाही तर पोलिसांना बोलावणार आहेत."

"बाराच्या भोंग्यानंतर कुठं होतास?"

"लाकडांच्या ढिगामागं. एकटा. कराराआधी जेवण जाईना."

"हातमोजे कधी काढलेस?"

"नाही काढले. मळले तर तुम्हीच ओरडता."

तिनं त्याचा हात उलटा केला, सुलटा केला. मोजे दुधासारखे. मग मोजा मनगटाशी थोडा वर केला, बघितलं, आणि परत खाली ओढला. बटण मात्र खरंच शिवलं.

तिथनं आम्ही तिजोरीच्या दाराशी गेलो. कुलूप मॅकगॅरीनं काढून नेलं होतं, दारावरचा डाग तसाच होता. झिपोरा डागाकडं बघत राहिली.

"आपला रंग दाराला लागत नाही, ल्यूशस. लागत असता तर आत्तापर्यंत सगळं कॅलिफोर्निया काळं झालं असतं, इतकी दारं आपण पुसलीत."

"पण होझियाचा लावलेला रंग–"

"तो तपकिरी असतो, जायफळासारखा. हे बघ, डांबरासारखं काळं आहे. ज्यानं हे केलं त्याला होझियाचा चेहरा रोज दिसतो, पण त्यानं तो कधी बघितला नाही. त्याच्या हिशेबी काळा म्हंजे काळा."

मग ती वाकली आणि दाराला नाक लावून वास घेतला. वळली. माझ्याकडं रोखून बघितलं.

"लवंग," ती म्हणाली. "ल्यूशस ब्लेडसो, हे तुझं पॉलिश आहे."

३

खरं होतं. मी पॉलिश घरीच करायचो, अजून करतो. काजळी, मेण, टर्पेंटाइन, आणि लवंगेच्या तेलाचे चार थेंब. माझी आई दातदुखीला लवंग लावायची, त्या वासानं मला बरं वाटतं. सगळ्या शहरात असलं पॉलिश दुसऱ्या कुणाकडं नव्हतं.

"देवाशपथ, मिस झिपोरा–"

"देवाला मध्ये घेऊ नकोस, त्याला बरीच कामं आहेत. बारा ते एक तुझ्या खुर्चीपाशी कोण कोण आलं, ते सांग."

मी आठवायला लागलो. बाराचा भोंगा झाला, मी जेवण घ्यायला गेलो. आम्हाला खाणावळीत बसू देत नसत, मागच्या खिडकीतनं ताट मिळायचं. चवळी आणि मक्याचा पाव घेऊन परत आलो तर खुर्चीवर टिमन्स बसलेला.

वॉर्डेल टिमन्स माहीत नसेल तुला. विनोदी काम करायचा. आळशी, भित्रा, भूत बघून डोळे फिरवणारा. गोरे लोक हसून लोळायचे, आणि आपल्या वस्तीतले लोक त्याला बघून रस्ता बदलायचे. त्या दिवशीही त्याच वेषात होता. फाटकी विजार, अनवाणी पाय, खांद्यावर कापसाचं रिकामं पोतं. मला म्हणाला, "तुझी गादी राखतोय, ब्रदर. राजा नऊ सेकंदांचा, पण गादीला पहारा हवाच की." आणि गेला.

"मग?"

"लुंड तर त्याआधीच, भोंग्याबरोबर, समोरून जेवायला गेला होता. त्याचे बूट तपकिरी, मी त्याला काळं पॉलिश कधी लावतच नाही. आणि साडेबाराला प्रेंटिस आला."

प्रेंटिस म्हंजे क्रेनचा उजवा हात. बारीक मिशी, काळे चकचकीत बूट.

झिपोरानं सगळं ऐकलं. टिमन्सचं ऐकताना मात्र तिची भुवई एकदा वर गेली होती. मला वाटलं तिला त्याचा राग आहे. सगळ्यांनाच होता. होझियाचा सीन चालला असता, तर लोकांनी टिमन्ससारखी सोंगं बघितली नसती. चोरायला त्याच्याएवढं कारण कुणाला होतं?

आधी आम्ही लुंडकडं गेलो. तो फिल्म हाताळताना पांढरे सुती मोजे घालायचा.

"मी कशाला चोरू?" तो वैतागला. "तो सीन मला नको असता तर रात्रंदिवस जुळवत बसलो असतो का? आणि किल्ली खिळ्यावरच असते, साऱ्या जगाला ठाऊक आहे. मला एवढंच कळत नाही, की डबा नेल्यावर चोरानं परत कुलूप लावलं कशाला."

झिपोरा थबकली. "कुलूप लावलेलं होतं?"

"नीट."

मग टिमन्स. तो कपडेपटाच्या पायरीवर बसला होता, पाय धुळीत. झिपोरानं विचारलं, "भोंग्यानंतर कुठं होतास?"

"कुठं असणार, मॅडम? गोऱ्या साहेबांनी भूत दाखवलं, मी घाबरून पळालो." डोळे फिरवले त्यानं. आम्ही हसलो नाही. मग तो हळूच म्हणाला, "होझियाला मारलं का त्यांनी?"

"अजून नाही."

"मिस झिपोरा, तो पोरगा चांगला आहे." एवढंच बोलला, आणि धुळीत अंगठ्यानं रेघा ओढत बसला.

परत येताना तीन वाजले. झिपोरा म्हणाली, "प्रेंटिसचं सांग. काही गाळू नकोस."

"आला, बसला. समोरच्या पायऱ्यांकडं बघत होता सारखा. दोन्ही बुटांना पॉलिश थापलं, ब्रश उचलला, तेवढ्यात उठला. म्हटलं साहेब, ओलं आहे अजून. म्हणाला, 'आलो, पोरा.' मी तेव्हा पन्नाशीचा! पाव तासानं परत आला, राहिलेलं करून घेतलं."

"आणि?"

"आणि काही नाही. डाव्या बुटाच्या टोकावरचं पॉलिश गेलं होतं. घासलं असेल कुठं."

"घासलं होतं, का निपटलं होतं?"

मी थांबलो. हाताला आठवतं गं, डोक्याआधी. भांड्याच्या तळाचं पीठ आपण बोटानं निपटून घेतो ना, तसा गोल पट्टा होता तो.

"मिस झिपोरा," मी म्हणालो, "त्यानं स्वतःच्या बुटात बोट बुडवलं."

"हो. पण हे क्रेनला कोण सांगणार? तू? मी?"

चार वाजता मला क्रेनच्या खोलीत जायचंच होतं. रोज चारला त्याचे बूट मी पुसायचो.

४

मोठी खोली. क्रेन खुर्चीत, पाय माझ्या पाटावर. मी गुडघ्यावर. दाराशी मॅकगॅरी, हातात ते कुलूप. खिडकीशी प्रेंटिस, एक हात खिशात. मध्ये होझिया. आणि मी तिथं नसल्यासारखंच सगळे बोलत होते. बूट पुसणारा म्हंजे पाट, आणखी काय!

"शेवटचं विचारतो, पोरा," क्रेन म्हणाला. "डबा कुठाय?"

"मला माहीत नाही, सर." तोच आवाज. खोली भरून गेली.

"पोलिसांना बोलवा," प्रेंटिस म्हणाला. "उगाच वेळ चाललाय."

मॅकगॅरीनं फोन उचलला. आणि दार वाजलं. झिपोरा आत आली, हातात इस्त्री केलेले कोरे मोजे, मान खाली.

"माफ करा, मिस्टर क्रेन. पुढच्या शॉटचे मोजे आणलेत. एवढंच विचारायचं होतं, मोजे घालू, का आधी यांचे हात रंगवायचेत?"

"हात? हात कशाला रंगवायचे?"

"मलाही तेच कळेना, साहेब. मोज्याखालचे हात कुणी रंगवत नाही, रंग फुकट जातो, मोजे खराब होतात ते वेगळंच. पण मिस्टर मॅकगॅरी म्हणतात यांच्या हाताचा रंग दाराला लागला. म्हटलं नवी पद्धत निघाली असेल, इस्त्रीवालीला कोण सांगतंय!"

क्रेन हसला नाही. "मोजे काढ," तो होझियाला म्हणाला.

होझियानं काढले. मनगटापर्यंत गडद रंग, तिथं रेघ, आणि पुढं त्याचे खरे हात. मधासारखे. स्वच्छ. पोरी, अकरा वर्षांत त्या खोलीतल्या कुणीच त्या माणसाचे हात बघितले नव्हते.

"मग हे काय आहे?" क्रेननं कुलपाकडं बोट केलं.

आता माझी पाळी होती. बोललो तर मानगूट माझीच धरतील, हे दिसत होतं.

"साहेब, वास घ्या," मी म्हणालो.

पाट बोलल्यासारखे सगळे माझ्याकडं बघायला लागले.

क्रेननं कुलूप नाकाशी नेलं. मग खाली वाकून स्वतःच्या बुटाचा वास घेतला. "लवंग."

"म्हंजे तूच!" मॅकगॅरी ओरडला आणि माझी कॉलर धरली.

"माझंच पॉलिश आहे, साहेब. पण माझी नखं बघा. घासघासून धुतली, तरी कड काळीच. तीन-तीन दिवस जात नाही हे. ज्यानं कुणी यात बोट बुडवलं, त्याचं नखही आज असंच असणार. सगळ्यांची बघा. माझ्यापासून सुरू करा."

क्रेननं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या डबीकडं, मग हळूहळू खोलीभर नजर फिरवली. त्याच्या तोंडातली चिरूट विझली होती.

"प्रेंटिस," तो शांतपणे म्हणाला, "जरा काडी पेटव."

प्रेंटिसनं डाव्या हातानं काडेपेटी काढली. आणि तसाच उभा राहिला. एका हातानं काडी पेटत नाही.

मग त्यानं खिशातला उजवा हात बाहेर काढला. पहिल्या बोटाच्या नखाला काळी कड, अगदी माझ्या नखासारखी.

"डबा मी नाही घेतला," तो पुटपुटला. "मी गेलो तेव्हा कुलूप नीट लागलेलं होतं, जागा मात्र रिकामीच होती. मी फक्त–"

"हात धुऊन ये," क्रेन म्हणाला.

बस. एवढीच शिक्षा. हात धुऊन ये.

होझियाला तो म्हणाला, "गैरसमज झाला. मी वाईट माणूस नाही. सोमवारपर्यंत डबा आण, मी सीन बघतो, मग कराराचं बोलू. डबा नाही, तर सीन नाही. सीन नाही, तर सही कशावर करू?"

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "म्हंजे प्रेंटिस नाही चोर? मग डबा गेला कुठं?"

झिपोरानं इकडं-तिकडं बघितलं. "ल्यूशस," ती म्हणाली, "रविवारी चर्चनंतर टिमन्सला घेऊन ये. आणि तोवर तुझ्या खुर्चीवर कुणाला चिरूट ओढू देऊ नकोस."

५

रविवारी चर्चच्या मागच्या अंगणात, झाडाखाली आम्ही चौघं, होझिया धरून. बायका आत ताटं मांडत होत्या, तळलेल्या कोंबडीचा वास येत होता, पण कुणी तिकडं बघेना.

झिपोरा म्हणाली, "टिमन्स, शुक्रवारी तुझ्या पायात बूट नव्हते."

"नव्हते, मॅडम."

"मग अनवाणी माणूस पॉलिशच्या खुर्चीवर कशाला बसेल?"

टिमन्सनं मान खाली घातली.

"पहिला चोर कुलूप नीट लावून गेला," झिपोरा म्हणाली, "म्हंजे त्याला कुणावर आळ घ्यायचा नव्हता. दुसरा आला, रिकामी जागा बघितली, आणि आपल्यावर येऊ नये म्हणून डाग लावून गेला. चोर वेगळा, डाग लावणारा वेगळा. आणि पोतं घेतलेला अनवाणी काळा माणूस त्या आवारात कुणाला दिसत नाही. झाडासारखाच तो."

होझिया उठून उभा राहिला. "तू? का? मी तुझी भाकरी हिसकावतोय म्हणून?"

"बस, पोरा," टिमन्स म्हणाला. त्याच्या आवाजात ते सोंग नव्हतं. मी पहिल्यांदाच त्याचा खरा आवाज ऐकला, आणि तो चांगला आवाज होता. "गुरुवारी मी क्रेनच्या खोलीत फुलदाणी ठेवायला गेलो होतो. माझ्यासमोर बोलतात ते, मी खुळा ना! प्रेंटिस सांगत होता, दक्षिणेतले थिएटरवाले चित्र परत पाठवतील. तर समोरचा म्हणाला, 'उद्या दुपारी ती पट्टी नेऊन वितळव, तिच्यातली चांदी काढून घे. चारला मी बघायला बसेन, डबा नसेल, कुणाचा दोष नाही. आणि माझं नाव कुठं यायला नको.'"

"समोरचा कोण?" होझियानं विचारलं. ठाऊक होतं त्याला, तरी विचारलं.

"खोली कुणाची होती, पोरा?"

आतून गाणं सुरू झालं होतं. होझियानं झाडाच्या बुंध्याला हात टेकला.

टिमन्स म्हणाला, "मी त्या सीनच्या वेळी मागं उभा होतो. तीस वर्षं मी डोळे फिरवतोय, होझिया. मीही एकदा नाटकात राजा होतो, न्यू ऑर्लीन्सला, नऊ सेकंदांचा नव्हे, अख्ख्या संध्याकाळचा. तुझं ते नाव सांगणं जळायला नको, एवढंच डोक्यात आलं. तुझ्यावर येईल हे आलंच नाही. उद्या चल, मी डबा त्यांच्यापुढं ठेवतो. सांगतो, मी चोरला. म्हाताऱ्याला किती दिवस आत ठेवतील?"

"आणि क्रेन सीन बघेल?" मी म्हणालो. "बोलला तर आहे."

होझिया हसला. असलं हसू देवानं कुणाच्या तोंडावर आणू नये. "ल्यूशस अंकल, त्याला सीन बघायचा नाही. त्याला डबा हवाय." मग झिपोराकडं वळला. "जागा सुरक्षित आहे?"

"आहे."

"मग राहू द्या. त्यांच्या हाती गेला तर मी पुन्हा सॅम. तिथं आहे तोवर माझं नाव माझं आहे."

सोमवारी तो गेलाच नाही. पुढं सव्वीस वर्षं त्यानं टपाल वाटलं, याच वस्तीत. लोकांची दारं तेव्हाही वाजवलीच म्हणा, पण उघडायचे दुसरे. चित्र लागलं. मी बघितलं, वरच्या मजल्यावर बसून, आम्हाला तिथंच बसवायचे. होझिया दार उघडतो, 'येस सर' म्हणतो, कोट घेतो. आणि पुढच्या क्षणाला सगळे कोर्टाबाहेर हसतायत. सांधा दिसत नाही, पोरी. शोधूनही दिसत नाही.

६

झाले बूट. उतरू नकोस अजून.

टिमन्स गेला पंचेचाळीस साली. झिपोराला जाऊन वीस वर्षं झाली. होझिया गेल्या हिवाळ्यात गेला, फुप्फुसांनी. त्याच्या मातीला आठ माणसं होती, आणि पाद्री म्हणाला, आपला टपालवाला. मी मनात म्हटलं, सॅम्युएल एझरा होलोवे.

आता कळलं सिगारेट का विझवायला लावली? तेव्हाची फिल्म म्हंजे बंदुकीची दारूच. एक ठिणगी, की तू, मी आणि शेजारचा न्हावी, तिघंही गेलो असतो. त्या शुक्रवारी मी तीन चिरूटवाले त्या डब्यावर बसवले होते गं, न कळता! अजून आठवलं की घाम फुटतो.

मी तो डबा कधी उघडला नाही. झिपोरानं सांगितलं होतं, थंड ठेव, हलवू नकोस. उन्हाळ्यात ओलं पोतं टाकतो खुर्चीवर, लोक हसतात. पण दोन वर्षं झाली, फळीखालून आंबूस वास येतो, आत काही सडल्यासारखा. लवंगेचं तेल जास्त घालतो मी, तरी येतो. आणि परवा तू त्या न्हाव्याला सांगत होतीस, की युनिव्हर्सिटीत जुन्या फिल्मा धुऊन-पुसून जपतात आणि तू तिथं कामाला आहेस. तेव्हापासून झोप नाही मला. फुकटच्या पॉलिशला बोलावलं तुला, ते उगाच नाही.

ऊठ आता. हळू. ती गादी काढ, खालची फळी उचल. जड आहे, दोन्ही हातांनी धर, छातीशी धर, आणि उन्हात उभी राहू नकोस. घेऊन जा. तुझी माणसं उघडू देत, मला तिथं बोलावू नका.

एकच मागणं आहे, पोरी. तो बोलत असेल, तर ये आणि काय बोलतो ते मला शब्दाला शब्द सांग, मी विसरत चाललोय. आणि आत नुसती धूळ निघाली, तरी ये. इथं समोर बस, माझ्या डोळ्यांत बघ, आणि माझ्याशी खोटं बोल.